घरच्या कढईतले कुरकुरीत फ्रेंच फ्राइज आणि बटाटा वेजेस

घरी केलेले फ्राइज कढईतून काढताना छान दिसतात आणि पाच मिनिटांत माना टाकतात. मग कोणी कॉर्नफ्लोअर लावून बघतं, कोणी तांदळाचं पीठ, कोणी बर्फाच्या पाण्यात रात्रभर भिजवून ठेवतं. त्यानं फरक पडतो, पण थोडाच. मूळ भानगड पाण्याची आहे. बटाट्यात साधारण ८० टक्के पाणी असतं. तळताना बाहेरच्या थरातलं पाणी निघून गेलं की तो थर कुरकुरीत होतो. पण आतलं पाणी तिथेच असतं, आणि फ्राइज गार होताना ते हळूहळू बाहेर सरकून वरचा थर पुन्हा मऊ करतं. म्हणून कमी पाण्याचा बटाटा निवडायचा, वरचा थर जरा जाड आणि पक्का करायचा, आणि दोनदा तळायचं. पिठं लावायची गरज त्यानंतर बहुधा उरत नाही.

वेजेसचं तंत्र मात्र वेगळं, जवळजवळ उलटं. फ्राइजच्या कडा उकळूनही शाबूत राहायला हव्यात, म्हणून ते आंबट पाण्यात उकळायचे. वेजेसचा पृष्ठभाग खरबरीत, चोथा झाल्यासारखा व्हायला हवा, म्हणून ते सोड्याच्या पाण्यात उकळायचे. बटाट्याच्या पेशी एकमेकींना धरून ठेवतं ते पेक्टिन. आंबट पाण्यात ते लवकर विरघळत नाही, सोड्याच्या पाण्यात झपाट्यानं विरघळतं. पुढची सगळी कृती यावरच बेतलेली आहे.

बटाटा कोणता घ्यायचा

इथे जरा वेळ घालवा, कारण बटाटा चुकला तर पुढे काहीही केलं तरी फारसा उपयोग नाही.

भाजीवाल्याकडे बटाट्याला जातीचं नाव क्वचितच असतं. ‘आग्रा’, ‘इंदूर’ अशी गावांची नावं ऐकू येतात, नाहीतर ‘नवा’ आणि ‘जुना’ एवढंच. आपल्याकडच्या बहुतेक जातींच्या नावाआधी ‘कुफ्री’ लागतं, ते सिमल्याजवळच्या कुफ्री गावावरून. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था सिमल्यात आहे. कुफ्री पुखराज लवकर तयार होतो आणि बाजारात भरपूर असतो, पण त्यात पाणी जास्त. रस्साभाजीला उत्तम, फ्राइजला नाही. कुफ्री ज्योती मधला. दुसरं काही मिळालं नाही तर चालतो. वेफर्सवाले कुफ्री चिप्सोना किंवा लेडी रोझेटा वापरतात, आणि कुफ्री फ्रायसोना ही जात तर फ्राइजसाठीच काढलेली आहे. तिचे बटाटे लांबट असतात, म्हणजे सळ्याही लांब निघतात. पुणे जिल्ह्यात मंचर-राजगुरुनगर भागात किंवा गुजरातेत डीसाकडे ओळखीचा शेतकरी असेल तर वेफर्सचा बटाटा मागून बघा. एरवी हा माल थेट कारखान्यांकडे जातो.

जातीचं नाव कळलं नाही तरी हातानं आणि डोळ्यांनी बरंच कळतं. नखानं साल खरवडून बघा. ती सहज निघून आली आणि आतून ओलसर लागलं तर बटाटा कोवळा, पाणी जास्त. साल घट्ट, कोरडी, किंचित खरखरीत हवी. सारख्याच आकाराच्या दोन बटाट्यांतला हाताला जड लागणारा घ्या. जड म्हणजे पिठूळ, पाणी कमी. लांबट असेल तर अजून चांगलं. हिरवट झालेला किंवा कोंब फुटलेला नको. हिरव्या भागात आणि कोंबांभोवती सोलॅनिन साठतं, ते कडूही असतं आणि पोटालाही बाधतं.

ज्यांना खात्रीच करायची आहे त्यांच्यासाठी मिठाच्या पाण्याची परीक्षा आहे. ११ वाट्या पाण्यात १ वाटी मीठ विरघळवा आणि त्यात न सोललेला बटाटा सोडा. बुडाला तर पिठूळ, फ्राइजचा. तरंगला तर त्याची भाजी करा. मीठ बरंच लागतं हे खरं, पण एकाच पाण्यात पोतंभर बटाटे तपासता येतात, आणि नव्या दुकानातून बटाटे आणलेत तर एकदा करून बघण्यासारखा उद्योग आहे.

आता जुन्या बटाट्याबद्दल. बटाट्याचं रब्बीचं पीक साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये शीतगृहात जातं आणि पुढे वर्षातला बराच काळ तिथूनच बाजारात येतं. साधं शीतगृह २ ते ४ अंश सेल्सिअसला असतं. इतक्या थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होऊ लागते. असा बटाटा तळला की आत शिजायच्या आधीच बाहेरून काळपट तपकिरी होतो आणि चव गोडसर-कडू लागते. गॅस कितीही कमी-जास्त करा, रंग सुधारत नाही. म्हणून वेफर्सचा बटाटा १० ते १२ अंशांवर ठेवतात. बाजारात त्यालाच ‘शुगर-फ्री’ बटाटा म्हणतात. मधुमेहाशी त्याचा काही संबंध नाही, गैरसमज नको. घरी आणलेला बटाटा फ्रिजमध्ये कधीच ठेवू नका, तिथेही हेच घडतं. टोपलीत, अंधारात, कांद्यापासून लांब ठेवा. गोडसर बटाटा गळ्यात पडलाच असेल तर दोन-तीन आठवडे घरच्या उष्णतेत राहू द्या. बरीचशी साखर जिरते.

साहित्य

चार जणांसाठी १ किलो बटाटे. फ्राइजला १ लिटर तरी तेल, १ टेबलस्पून साधं पांढरं व्हिनेगर प्रत्येक लिटर पाण्यामागे, आणि मीठ. तेल रिफाइंड शेंगदाणा, सूर्यफूल किंवा राईस ब्रान, जे घरात असेल ते. घाण्याचं कच्चं तेल चवीला छान, पण लवकर धुरावतं. या कामाला रिफाइंडच बरं. जाड बुडाची खोल कढई, झारा, एक जाळी किंवा मोठी चाळणी, आणि स्वच्छ सुती पंचा. तेलाचा थर्मामीटर असला तर उत्तम, नसला तर खाली बुडबुड्यांची खूण दिली आहे.

फ्राइज: कापणं आणि धुणं

बटाटे सोलून दोन्ही टोकं आणि बाजू थोड्या कापून चौकोनी ठोकळा करा. कापलेले तुकडे टाकायचे नाहीत, संध्याकाळच्या काचऱ्यांत घाला. ठोकळ्याच्या १ सेंटिमीटर जाडीच्या चकत्या आणि चकत्यांच्या तेवढ्याच जाडीच्या सळ्या करा. पहिल्यांदा करताना याहून बारीक करू नका. बारीक सळ्या उकळताना मोडतात. जाडी सारखी असणं मात्र फार महत्त्वाचं. एका घाण्यात बारीक आणि जाड एकत्र आले की बारीक जळतात आणि जाड कच्चे राहतात.

सळ्या कापता कापता पाण्यात टाकत जा, नाहीतर काळ्या पडतात. मग पाणी दोन-तीनदा बदलून, हातानं हलवून धुवा. पहिलं पाणी दुधासारखं पांढरं होईल, ते सुटलेलं स्टार्च. ते राहिलं तर सळ्या एकमेकींना चिकटतात आणि रंग डागाळतो. पाणी जवळजवळ नितळ झालं की पुरे.

फ्राइज: आंबट पाण्यात उकळणं

पातेल्यात २ लिटर गार पाणी, २ टेबलस्पून व्हिनेगर, १ टेबलस्पून मीठ आणि सळ्या एकत्रच घाला आणि मग गॅस लावा. गार पाण्यापासून सुरुवात केली की आत-बाहेर सारखं शिजतं. उकळी फुटली की आच मध्यम करा. पाणी खदखदता कामा नये. तिथून पुढे ७ ते १० मिनिटं.

वेळेपेक्षा खूण बघा. एक सळी झाऱ्यानं उचलून एका टोकाला धरा. ती वाकली पाहिजे, पण तुटता कामा नये. सुरीचं टोक आत सहज गेलं पाहिजे आणि कडा मात्र कापल्यासारख्या धारदार दिसल्या पाहिजेत. व्हिनेगर नसतं तर इतक्या वेळात सळ्यांचा लगदा झाला असता. तयार फ्राइजला व्हिनेगरची चव येत नाही.

याच उकळण्यात बटाट्यातली थोडी साखरही पाण्यात उतरते. म्हणजे शीतगृहातल्या बटाट्याचा रंगही जरा ताब्यात राहतो.

सळ्या अलगद चाळणीत काढा, पंचावर एकेक सुटी पसरा आणि पंख्याखाली १०-१५ मिनिटं राहू द्या. वाफ जाऊन वरून कोरड्या, किंचित पांढुरक्या दिसू लागतील. ही पायरी गाळू नका. ओली सळी तेलात पडली की तेल फसफसून कढईच्या वर येतं, आणि मग ते गॅसवर सांडतं.

फ्राइज: पहिलं तळण

कढई अर्धीच भरा. तेल १६० अंशांपर्यंत तापवा. थर्मामीटर नसेल तर एक सळी सोडून बघा: ती आधी तळाशी जाईल, दोन-तीन सेकंदांनी तिच्याभोवती बारीक बुडबुडे सुरू होतील आणि ती निवांत वर येईल. सोडल्यासोबत चर्र आवाज होऊन बुडबुड्यांचा गराडा पडला तर तेल जास्त तापलं आहे.

एका घाण्यात दोन मुठींपेक्षा जास्त सळ्या नकोत. एकदम सगळ्या ओतल्या की तेलाचं तापमान धाडकन उतरतं आणि बटाटा तळला न जाता तेलात मुरत राहतो. तेलकट फ्राइज बहुतेक वेळा इथेच जन्मतात. पहिलं अर्धं मिनिट झारा लावू नका. मग हलकेच सुट्या करा. ३ ते ४ मिनिटांत काढा. रंग येऊ द्यायचा नाही. वरून पातळ, फिकट, थोडी सुरकुतलेली कातडी धरलेली दिसली की काम झालं. या टप्प्याला फ्राइज अगदी मलूल दिसतात. घाबरू नका, तसेच दिसायचे असतात.

जाळीवर पसरून अर्धा तास तरी पूर्ण गार होऊ द्या. या अर्ध्या तासात आतला ओलावा वरच्या थरात येतो आणि दुसऱ्या तळणात तोच उडून जातो. बेल्जियममध्ये, जिथे फ्राइजचा प्रत्येक चौकात गाडा असतो, तिथे दोनदा तळणं हीच पद्धत आहे.

पाहुणे यायचे असतील तर इथे थांबता येतं. गार झालेले फ्राइज ताटात सुटे मांडून फ्रीझरमध्ये कडक करा, मग पिशवीत भरा. महिनाभर चांगले राहतात. गोठताना होणारे बर्फाचे कण पेशी फोडतात, त्यामुळे आतला गर आणखी हलका होतो. खरं तर वेळ असेल तर मी हा टप्पा मुद्दाम घ्यायला सांगेन. तळताना बाहेर काढून वितळवायचे नाहीत, वरचं सैल बर्फ झटकून तसेच सोडायचे. मात्र घाणा लहान ठेवा.

फ्राइज: दुसरं तळण

आता तेल १८५ ते १९० अंश. सळी टाकताच ती तरंगली पाहिजे आणि जोरात बुडबुडे आले पाहिजेत. तेलातून धूर यायला लागला तर मात्र गॅस बंद करून थोडं थांबा.

पहिल्या तळणातल्या दोन-अडीच मुठी एकदम चालतील. २ ते ३ मिनिटं, सतत हलवत. कान द्या: सुरुवातीचा मोठा चरचराट हळूहळू बारीक होत जातो, बुडबुडे लहान आणि विरळ होतात. म्हणजे वरच्या थरातलं पाणी संपत आलं. झाऱ्यानं हलवताना फ्राइज एकमेकांवर आपटून खडखडायला लागले की झाले. रंग सोनेरी पुरे. गडद तपकिरी होईपर्यंत थांबू नका. जास्त तापमानात बटाट्यात अ‍ॅक्रिलामाइड हे आरोग्याला घातक मानलं जाणारं संयुग तयार होतं, हे २००२ मध्ये स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, आणि रंग जितका गडद तितकं ते जास्त.

जाळीवर काढून तेल निथळू द्या आणि लगेच, गरम असतानाच, बारीक मीठ भुरभुरा. गार झाल्यावर मीठ चिकटत नाही आणि तळायच्या आधी घातलं तर पाणी सोडवतं. पेरी-पेरी हवं असेल तर लाल तिखट, लसूण पावडर, आमचूर, ओरेगॅनो, चिमूटभर पिठीसाखर आणि मीठ एकत्र करून वरून टाका. चाट मसाला टाकणार असाल तर मीठ कमी.

कागदावर ढीग करू नका, खालचे वाफेनं मऊ पडतात. आणि गरम राहावेत म्हणून झाकण तर अजिबात नको. डब्यात भरून शाळेत पाठवलेले फ्राइज कुरकुरीत राहतील अशी कृती अजून कुणाला सापडलेली नाही.

वेजेस

वेजेसला साल ठेवायची, म्हणून बटाटे घासून धुवा; मातीचे बटाटे असतील तर नारळाची शेंडी घ्या. मध्यम बटाट्याचे उभे आठ काप करा. धुण्याची फारशी गरज नाही.

२ लिटर पाणी उकळा. त्यात १ टेबलस्पून मीठ आणि अर्धा टीस्पून खायचा सोडा. बेकिंग पावडर नव्हे, इनो तर नाहीच. सोडा अर्ध्या चमच्याच्या पुढे गेला तर साबणासारखी चव येते. काप टाकून ८ ते १० मिनिटं उकळा. पाणी पिवळट, गढूळ होईल आणि कापांच्या कडा झिजून गोल होतील. फ्राइजच्या वेळी हेच टाळायचं होतं, इथे हेच हवं आहे.

पाणी पूर्ण ओतून द्या, पातेलं पुन्हा मिनिटभर मंद आचेवर ठेवून उरलेलं पाणी उडवा. मग ३ टेबलस्पून तेल, मीठ, मिरपूड घाला, झाकण दाबून धरा आणि पातेलं चांगलं आठ-दहा वेळा हिसकून हलवा. झाकण काढल्यावर प्रत्येक कापावर कुस्करलेल्या बटाट्याचा आणि तेलाचा दाणेदार लेप दिसला पाहिजे. हाच लेप पुढे भाजून कुरकुरीत कवच होतो. लेप धरला नसेल तर अजून हलवा; दोन-चार काप तुटले तरी चालतील, तुटलेलेच आधी संपतात. लसूण आणि तिखट या वेळी घालू नका, जळून कडू होतात. शेवटच्या पाच मिनिटांत घाला.

ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) असेल तर दोन्ही रॉड लावून २२० अंशांवर १५ मिनिटं आधी तापवा आणि ट्रेही आतच तापू द्या. तापलेल्या ट्रेवर काप एकमेकांना न चिकटता, कापलेली बाजू खाली करून मांडा. पहिली २० मिनिटं दार उघडायचं नाही. खालचा थर तयार झाला की काप आपोआप सुटतो. ओढून काढावा लागत असेल तर वेळ झालेली नाही. उलटून आणखी २० ते २५ मिनिटं.

ओटीजी नसेल तर बिडाचा तवा काढा. दोन-तीन चमचे तेल, मध्यम आच, काप एकेरी थरात, प्रत्येक बाजूला ६-७ मिनिटं, झाकण न ठेवता. मला विचाराल तर थोड्या माणसांसाठी हाच मार्ग सगळ्यात चांगला, आणि वीजही लागत नाही.

एअर फ्रायरबद्दल

वेजेस त्यात फार छान होतात: २०० अंश, २० ते २५ मिनिटं, मध्ये दोनदा हलवून. लेपात तेल आधीच असतं, गरम वाऱ्याला तेवढं पुरतं. फ्राइज ठीकठाक होतात. कच्च्या सळ्या टाकल्या तर त्या वाळलेल्या, चिवट होतात. आंबट पाण्यात उकळून, वाळवून, टेबलस्पूनभर तेल चोळून १९० अंशांवर १८ ते २० मिनिटं लावा आणि टोपली अर्धीच भरा. कढईतल्याची सर येणार नाही, पण रोजच्यासाठी चालून जातं.

उपवासाला

बटाटा चालतो, मग फ्राइज का नकोत? व्हिनेगरऐवजी तेवढाच लिंबाचा रस, मिठाऐवजी सैंधव, तळायला शेंगदाण्याचं तेल. वरून जिरेपूड आणि तिखट, घरात चालत असेल तर. वेजेस करताना सोडा टाळायचा असेल तर नुसत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं जास्त उकळा आणि तेल घालून हलवताना चमचाभर शिंगाड्याचं पीठ भुरभुरा. बाजारातले फ्रोझन फ्राइज उपवासाला आणणार असाल तर पाकिटामागची यादी वाचा. काहींवर पिठाचं आवरण असतं.

तेलाचं काय करायचं

तळताना तेलानं पेट घेतला तर गॅस बंद करून कढईवर झाकण किंवा परात ठेवा. पाणी अजिबात ओतायचं नाही, आणि कढई उचलून बाहेर न्यायचीही नाही.

तळण झाल्यावर तेल गार करून सुती कापडातून गाळा, बाटलीत भरून अंधाऱ्या जागी ठेवा आणि दोन-चार दिवसांत फोडणीला किंवा पोळी-पराठ्याला संपवा. तळणीसाठी पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात घातक संयुगं साठत जातात. हॉटेलं आणि फरसाणवाल्यांना ‘एफएसएसएआय’ या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेनं १ जुलै २०१८ पासून अशा ध्रुवीय संयुगांची २५ टक्क्यांची मर्यादा घालून दिली आहे. घरी मोजायचं यंत्र नसतं, पण तेल काळसर, दाट झालं, तापवताना वर फेस धरायला लागला किंवा लवकर धुरावलं की टाकून द्यायची वेळ झाली. बेसिनमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो. जुन्या दुधाच्या पिशवीत भरून, तोंड बांधून कचऱ्यात द्या.